दिवसाला एक मिलिमीटर

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं ग्लेनडेल शहर, १ जानेवारी २०१६. कॉलेज फुटबॉलमधला मानाचा ‘फिएस्टा बोल’ सामना रंगात आला होता, नोटर डेम विरुद्ध ओहायो स्टेट. पहिलं सत्र चालू असताना ओहायो स्टेटच्या टेलर डेकरनं नोटर डेमच्या जेलन स्मिथला ढकललं. तोल सावरताना जेलनचा डावा पाय जमिनीत रोवला गेला आणि गुडघा उलटा वळला. वीस वर्षांचा हा मुलगा गुडघा धरून मैदानावर पडला. काही आठवड्यांपूर्वीच देशातला सर्वोत्तम कॉलेज लाइनबॅकर म्हणून त्याला ‘बटकस’ पुरस्कार मिळाला होता. एप्रिलमध्ये होणाऱ्या व्यावसायिक संघांच्या निवडीत तो पहिल्या चार-पाच जणांत जाणार, याबद्दल जाणकारांचं जवळपास एकमत होतं.

आपल्याकडे हा खेळ फारसा पाहिला जात नाही, म्हणून लाइनबॅकर म्हणजे काय ते सांगायला हवं. बचावफळीच्या दुसऱ्या रांगेतला हा खेळाडू. समोरच्याच्या कमरेवर आणि पायांवर नजर ठेवून, तो कुठे वळणार हे ओळखून, निमिषात आडवं झेपावणं हे त्याचं काम. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूला जसा जोखत असतो, तसा. सरळ रेषेत पळून त्याचं भागत नाही. घोट्यातून पाऊल वर, खाली, आत, बाहेर वळलं, तरच त्याचा खेळ उभा राहतो.

गुडघ्यातले दोन अस्थिबंध तुटले होते. एक मधला, ज्याला आपल्याकडचे कबड्डीपटू आणि क्रिकेटपटूही आता सरसकट ‘एसीएल’ म्हणतात, आणि दुसरा बाहेरच्या बाजूचा. ही दुखापत वाईट असली तरी तिची वाट ठरलेली असते. शस्त्रक्रिया, नऊ-दहा महिन्यांचा व्यायाम आणि मग मैदान. जेलनच्या बाबतीत तेवढ्यावर भागलं नाही. बाहेरचा अस्थिबंध तुटताना गुडघ्याची ती बाजू उघडली आणि तिथून जाणारी नस ताणली गेली. त्याला पाऊल वर उचलता येईना.

ही नस म्हणजे पेरोनिअल नर्व्ह. कमरेतून निघालेली सायटिक नस मांडीच्या मागून खाली येते आणि गुडघ्याच्या वरच्या अंगाला तिचे दोन फाटे होतात. त्यातला बाहेरचा फाटा पोटरीच्या बाजूच्या बारीक हाडाच्या, फिब्युलाच्या, मानेला वळसा घालून पुढे नडगीच्या बाजूला येतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली, एक टणक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या लगेच खाली ही नस हाड आणि कातडी यांच्यामध्ये जवळजवळ उघडी असते. वर स्नायूची गादी नाही, चरबीही बेताची. खूप वेळ पायावर पाय टाकून बसलं की पंजाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, त्या हिच्यामुळेच. तासन्‌तास उकिडवं बसून काम करणाऱ्यांमध्ये हिच्यावर दाब येऊन पंजा लुळा पडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. खुरपणी करणाऱ्या बायका ज्या बैठकीत दिवस काढतात, ती हीच बैठक.

पुढे या नसेच्या पुन्हा दोन शाखा होतात. खोलवरची शाखा पंजा आणि बोटं वर उचलते, वरची शाखा पाऊल बाहेरच्या बाजूला वळवते. नस बंद पडली की दोन्ही जातात. चालताना पाय पुढे टाकायचा तर पंजा वर उचललेला हवा, नाहीतर बोटं जमिनीला घासतात. मग माणूस नकळत गुडघा उंच उचलून पाय टाकायला लागतो आणि टाच टेकली की पंजा फटकन जमिनीवर आपटतो. डॉक्टर याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. पेशंट सांगतात, ‘पंजा उचलत नाही’, नाहीतर ‘चप्पल पायातून कधी निसटते कळतच नाही’.

नस दुखावते म्हणजे काय होतं, हे समजायला जगाला बराच वेळ लागला. ऑगस्टस वॉलरनं १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवून दिलं की तुटलेल्या जागेच्या पुढचा तंतू जगत नाही, तो विरघळून जातो. पुढचा महत्त्वाचा अभ्यास युद्धांनी करायला लावला. दुसऱ्या महायुद्धातले जखमी सैनिक तपासताना हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यविशारदानं १९४३ मध्ये नसेच्या इजेच्या तीन पायऱ्या मांडल्या, आणि त्या आजही शिकवल्या जातात. पहिलीत नस फक्त बधिर झालेली असते, काही आठवड्यांत परतते. दुसरीत आतले तंतू तुटलेले असतात, पण भोवतीचं आवरण शाबूत राहतं, त्यामुळे तंतूंना पुन्हा वाढायला वाट उरते. तिसरीत सगळंच तुटतं आणि शस्त्रक्रियेशिवाय फारशी आशा नसते.

जेलनची नस तुटलेली नव्हती, ताणली गेली होती. ही गोष्ट ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, ते होते डॉ. डॅन कूपर. जानेवारीतच त्यांनी त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली, आणि ते डॅलस काउबॉईज या व्यावसायिक संघाचे मुख्य डॉक्टरही होते. बाकीच्या संघांना वैद्यकीय तपासणीत एवढंच दिसलं की मुलाचा पंजा उचलत नाही. पहिल्या फेरीत कुणी त्याला घेतलं नाही. दुसऱ्या फेरीत, एकूण चौतिसाव्या क्रमांकावर, डॅलसनं त्याचं नाव पुकारलं. त्या वर्षी तो खेळणार नाही हे धरूनच त्यांनी तो निर्णय घेतला होता. पहिल्या पाचातला खेळाडू चौतिसावर गेला की पहिल्याच करारात कोट्यवधी डॉलर जातात. कॉलेजच्या खेळाडूंना तेव्हा पगारही मिळत नसे. त्याच वर्षाच्या अखेरीस लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोन नामांकित खेळाडूंनी आपापल्या संघांचे फिएस्टा बोलसारखे हंगामाच्या शेवटचे सामने खेळायचं नाकारलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी जेलनचं उदाहरण होतं. जेलननं मात्र जाहीर सांगितलं की मागे जाता आलं तरी मी तो सामना खेळलो असतो. मला दोन्ही बाजू पटतात. विनापगार खेळणाऱ्या मुलाला आपलं शरीर राखायचा हक्क आहेच. आणि ज्याला खेळायचंच आहे, त्याच्या खेळण्याला आपण मूर्खपणा म्हणू नये.

नसेचा तंतू वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, महिन्याला जेमतेम एक इंच. जिद्दीनं, व्यायामानं, पैशानं हा वेग मनासारखा वाढवता येत नाही. ताणाची इजा एखाद्या बिंदूवर नसते, ती नसेच्या कित्येक सेंटिमीटर लांबीत पसरलेली असू शकते, म्हणून तंतूला किती मजल मारायची आहे हे आधी नेमकं सांगता येत नाही. दुसरीकडे नस पोहोचली नाही तर स्नायू वाळत जातो. वर्ष-दीड वर्ष उलटलं की नस आली तरी तिला प्रतिसाद देण्याइतका स्नायू शिल्लक राहीलच असं नाही. डॉक्टर नसेच्या वाटेवर बोटानं टिचक्या मारत खाली येतात. जिथे मुंग्या आल्याचं पेशंट सांगतो, तिथवर तंतू पोहोचले असं धरतात. फ्रेंच डॉक्टर ज्यूल तिनेल यानं ही तपासणी १९१५ साली, पहिल्या महायुद्धातल्या जखमींवरून सांगितली. आज जोडीला स्नायूत सुई घालून करायची ईएमजी चाचणी आहे. पण बोटाची ती टिचकी अजून गेलेली नाही, आणि दर महिन्याला ती दोन बोटं खाली सरकली की पेशंटचा चेहरा कसा बदलतो, ते कुठल्याही फिजिओथेरपिस्टला विचारा.

मग या काळात खेळाडूनं करायचं काय? नस येईल तेव्हा तिला चालू स्थितीतला पाय मिळाला पाहिजे, एवढंच त्याच्या हातात असतं. पंजा सतत खाली लोंबत राहिला तर टाचेमागची जाड शीर आखडते, आणि मग नस परत येऊनही घोटा काटकोनात येत नाही. म्हणून रोज पोटरी ताणायची, घोटा हातानं फिरवायचा, मांडी आणि कंबर मजबूत ठेवायची. पंजाच्या वरच्या भागाला संवेदना नसते, तेव्हा रोज रात्री बोटांच्या बेचक्यांत बघायचं, कुठे फोड आलाय का, बूट लागलाय का. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही घडताना दिसत नाही. २०१६ चा सगळा हंगाम जेलननं असा काढला, संघाबरोबर राहून, सामना न खेळता. त्याचा भाऊ रॉड त्याच संघात होता, हा त्या वर्षातला मोठाच आधार असणार.

आणि याच काळात पायात असतो तो ब्रेस. त्याचं पूर्ण नाव अँकल-फूट ऑर्थोसिस, सगळे म्हणतात एएफओ. पोटरीच्या मागून निघून टाचेखालून तळव्यापर्यंत गेलेला, बाजूनं पाहिलं तर काटकोनात वळलेला प्लॅस्टिकचा तुकडा आणि वर एक वेल्क्रोचा पट्टा. बनवताना पाहिला तर त्याचं महत्त्व कळतं. तंत्रज्ञ आधी पायावर पातळ मोजा चढवतो आणि न पुसणाऱ्या पेन्सिलनं हाडांच्या जागा खुणावतो. घोट्याचे दोन्ही उंचवटे, फिब्युलाचं डोकं, करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड. मग पंजा काटकोनात धरून प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळतो, ती घट्ट होईपर्यंत हात हलू देत नाही. सुकलेला साचा कापून काढतो, त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती बनवतो, आणि खुणावलेल्या जागी थोडं जास्तीचं प्लास्टर चढवतो, म्हणजे ब्रेस तिथे हाडाला टेकणार नाही. भट्टीतून काढलेली पॉलिप्रॉपिलिनची तापलेली शीट त्यावर टाकून पंपानं हवा खेचून घेतली की ती प्रतिकृतीला चिकटून बसते. पुढे कडा घासणं. ती कड दोन-तीन मिलिमीटर चुकली तर संवेदना नसलेल्या कातडीवर जखम होते आणि घालणाऱ्याला समजतही नाही. फिब्युलाच्या मानेवर दाब पडला तर ज्या नसेसाठी हे सगळं चाललंय, तिलाच पुन्हा इजा.

ब्रेस करतो काय? पाऊल हवेत असताना पंजा काटकोनाच्या आसपास धरतो आणि टाच टेकल्यावर तो आपटू देत नाही. पण हाच आधार घोट्याचं आडवं वळणही रोखतो. सरळ चालणाऱ्याला त्याचं फारसं अडत नाही, लाइनबॅकरला अडतं. १० सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध जेलन स्मिथ डॅलससाठी पहिला अधिकृत सामना खेळला, तेव्हा दुखापतीला वीस महिने होऊन गेले होते आणि डाव्या पायात ब्रेस होता. त्या हंगामातले सोळाच्या सोळा सामने तो खेळला. समीक्षकांनी लिहिलं की सरळ रेषेत तो वेगवान आहे, दिशा बदलताना मात्र मंदावतो. निरीक्षण बरोबर होतं. जो स्नायू पाऊल बाहेर वळवतो त्याची नस अजून वाटेत होती, आणि जे प्लॅस्टिक पंजा धरून होतं ते घोट्याला वळू देत नव्हतं. मला त्याचं सगळ्यात मोठं वर्ष २०१७ हेच वाटतं. पुढची दोन वर्षं आकड्यांत कितीतरी उजवी आहेत. २०१८ मध्ये ब्रेसशिवाय १२१ टॅकल, टँपा बेविरुद्ध सुटलेला चेंडू उचलून ६९ यार्ड पळून केलेला टचडाउन. ऑगस्ट २०१९ मध्ये पाच वर्षांचा, ६.४ कोटी डॉलरपर्यंतचा करार आणि त्याच हंगामात निवडक खेळाडूंच्या ‘प्रो बोल’ सामन्याचा मान. पण अर्धवट परतलेला पाय घेऊन, त्याच्या मर्यादा सगळ्या देशाला दिसत असताना, दर रविवारी मैदानात उतरणं जास्त कठीण होतं.

त्याची गोष्ट सांगितली गेली ती ब्रेस काढून फेकल्याची गोष्ट म्हणून. ब्रेस म्हणजे अपूर्णता, ब्रेस गेला म्हणजे बरा झाला. इथे मला वाद घालायचा आहे, आणि तो घालायला दुसरा एक खेळाडू लागतो. आडनाव तेच, नाव ॲलेक्स स्मिथ.

वॉशिंग्टनचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, १८ नोव्हेंबर २०१८ रोजी ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्यात पडला आणि उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडून कातडीबाहेर आली. बरोबर ३३ वर्षांपूर्वी, १८ नोव्हेंबर १९८५ ला, याच संघाच्या जो थाइसमनचा पाय असाच मोडला होता आणि त्याचा खेळ तिथेच संपला होता. ॲलेक्सवर त्याहून मोठं संकट आलं. जखमेत मांस खाणाऱ्या जिवाणूंचा संसर्ग झाला, तो रक्तात पसरला, जिवावर बेतलं. एकूण सतरा शस्त्रक्रिया. नडगीवरचा सडलेला स्नायू कापून काढावा लागला, पाय मांडीपासून कापण्याचा विचारही झाला, आणि अखेर डाव्या मांडीतला स्नायू आणून ती जागा भरली. पाय वाचला, पण पंजा उचलणारा बराचसा स्नायू नाहीसा झालेला होता. अशा पायात नस कितीही वाढली तरी तिनं पोहोचायचं कुठे?

संरक्षण खात्याच्या खास परवानगीनं तो टेक्सासमधल्या सान अँटोनिओच्या ‘सेंटर फॉर द इंट्रेपिड’मध्ये गेला. इराक आणि अफगाणिस्तानात स्फोटांत पाय चिरडलेल्या सैनिकांसाठी २००७ साली उघडलेलं हे लष्करी पुनर्वसन केंद्र. तिथे रायन ब्लँक या तंत्रज्ञानं कार्बन फायबरचा एक ब्रेस घडवला होता. गुडघ्याखाली घट्ट बसणारा कप, मागे कार्बनच्या दांड्या, खाली तळवा. टाच टेकली की दांड्या वाकतात आणि पाऊल उचलताना ती ताकद परत देतात. यामागची कथा वाचण्यासारखी आहे. पाय वाचवलेले सैनिक पाहत होते की कृत्रिम पाय लावलेले त्यांचे सोबती धावताहेत, आणि आपण वाचवलेल्या पायानं धड चालूही शकत नाही. त्यांच्यातले काही स्वतःहून सांगू लागले, हा पाय कापून टाका. हा ब्रेस घालून पळायला शिकल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी तो विचार सोडला.

११ ऑक्टोबर २०२० रोजी, ६९३ दिवसांनंतर, ॲलेक्स स्मिथ लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध मैदानात आला. वय ३६, नडगीत धातूची दांडी, पंजाला ब्रेस. लीगमधला सगळ्यात ताकदवान बचावपटू ॲरन डोनाल्ड त्याच्या पाठीवर चढला, त्याला खाली पाडलं, आणि तो उठला. वॉशिंग्टन तो सामना हरलं. पण त्या हंगामात त्यानं सुरुवात केलेल्या सहापैकी पाच सामने संघानं जिंकले, पुनरागमनाचा वार्षिक पुरस्कार त्याला मिळाला, आणि एप्रिल २०२१ मध्ये तो निवृत्त झाला. त्याचा पंजा परत आला नव्हता.

एकाचा पंजा परत आला, दुसऱ्याचा आला नाही. जेलननं ॲलेक्सपेक्षा जास्त मेहनत केली म्हणून असं झालं नाही. एकाचं आवरण शाबूत होतं, दुसऱ्याचा स्नायूच गेला होता. ब्रेस काढणं हीच बरं होण्याची खूण ठरवली, तर ॲलेक्स स्मिथ हरला असं म्हणावं लागेल, आणि ते धडधडीत खोटं आहे. जिचा पंजा परत येणार नाही अशी कुणी बाई दवाखान्याच्या बाकावर बसलेली असताना तिच्यासमोर आपण जिद्दीच्या कथा सांगतो, तेव्हा तिच्यात काहीतरी कमी पडलं असंच अप्रत्यक्षपणे सुचवत असतो. ते थांबायला हवं.

महाराष्ट्रात ही पेरोनिअल नस खेळाच्या मैदानापेक्षा कुष्ठरोगानं कितीतरी जास्त माणसांची घेतली. कुष्ठरोगाचे जिवाणू शरीराचा थंड भाग पसंत करतात, आणि फिब्युलाच्या मानेवर कातडीलगत असलेली ही नस त्यांच्या आवडीची. तिथे ती दोरीएवढी जाड झालेली हाताला लागते. वर्ध्याच्या दत्तपूरला, वरोऱ्याच्या आनंदवनात, पंजा पडलेली माणसं गेली कित्येक दशकं आली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. घोट्याच्या आतल्या बाजूच्या, दुसऱ्या नसेवर चालणाऱ्या स्नायूची शीर फिरवून पंजाच्या वरच्या बाजूला जोडली की पाऊल पुन्हा उचलता येतं. आज अपघातानं किंवा खेळताना पंजा गमावलेल्या आणि नस परत न आलेल्या लोकांनाही याच जातीची शस्त्रक्रिया सुचवली जाते. कुष्ठरोगात मात्र मुदत महत्त्वाची. पंजा पडून सहा महिने उलटण्याआधी स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू झाल्या, तर नस वाचण्याची शक्यता बरीच असते. चप्पल निसटायला लागली, पंजाच्या वरचा भाग बधिर झाला, तर ‘थकवा असेल’ म्हणून बसून राहू नये.

ब्रेस आपल्याकडेही बनतो. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून पुनर्वसनाची सरकारी राष्ट्रीय संस्था आहे, तिची स्वतःची कार्यशाळा आहे. अडचण वेगळीच आहे. एएफओची मूळ आखणी बुटासाठी झाली, आणि आपण घरात बूट घालत नाही. उंबऱ्यात चप्पल काढली की ब्रेसही निघतो, मग दिवसातले बरेच तास माणूस घरात लोंबत्या पंजानं वावरतो. गुळगुळीत फरशी, न्हाणीघराचा ओटा, चटईची कड, पडायच्या जागा तिथेच. यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. ब्रेसच्या तळाला खरखरीत रबराचा पातळ थर चिकटवून घेतला की तो बुटाशिवाय घरात वापरता येतो. घरातला वेगळा आणि बाहेरचा वेगळा असे दोन ब्रेसही करून घेता येतात. पण हे मागावं लागतं. माप द्यायला जाल तेव्हा घरात फरशी कुठली आहे, खाली बसून जेवता का, शौचालय कुठल्या पद्धतीचं आहे, देवघरात किती वेळ उभे राहता, हे सगळं तंत्रज्ञाला सांगा. त्यानं विचारलं नाही, तरी सांगा.